वाहाकाचे बाजार : तीन खोरी, सात दिवस आणि एका मडक्याची किंमत

आजचा विषय आहे बाजार. शेअरांचा नव्हे, भाजीचा, मडक्यांचा, कापडाचा बाजार. आणि तोही मेक्सिकोच्या दक्षिण भागातल्या एका शहरातला. नकाशावर या शहराचं नाव वाचलं तर ‘ओक्साका’ असं वाटतं. तिथले लोक ‘वाहाका’ म्हणतात, तेव्हा आपणही वाहाकाच म्हणू. समुद्रसपाटीपासून साधारण १,५५० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेलं हे शहर. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ७० हजार होती. म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या मध्यम गावाएवढं. त्याचा जुना मध्यभाग आणि शेजारच्या टेकडीवरचं मोंते आल्बान हे प्राचीन नगर, ही दोन्ही ठिकाणं १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. या शहरात सुपरमार्केट आहेत, मोठे रस्ते आहेत, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. तरीही आसपासच्या गावांतली माणसं आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी टोपलीत टोमॅटो, भाजलेले नाकतोडे, मातीचे तवे, लोकरीचे गालिचे घेऊन बाजारात येऊन बसतात. का बसतात? पर्यटकांची पुस्तकं सांगतात, ‘परंपरा म्हणून.’ पण परंपरा हे काही उत्तर झालं नाही. परंपरा टिकते ती का टिकते, हाच तर प्रश्न. म्हणून आज आपण या बाजाराकडे एखाद्या यंत्राकडे पाहावं तसं पाहू. त्याची चाकं कुठली, ती कशी फिरतात आणि आता कुठे अडकायला लागली आहेत.

बाजाराचं वेळापत्रक

पहिली गोष्ट भूगोलाची. वाहाका शहर तीन खोऱ्यांच्या संगमावर आहे. वायव्येला एत्लाचं खोरं, पूर्वेला त्लाकोलूलाचं आणि दक्षिणेला साचिला-ओकोत्लानकडे जाणारं खोरं. इंग्रजी वाय अक्षर उलटं धरलं तर जसं दिसेल, साधारण तसा आकार. मध्यभागी शहर.

आता या खोऱ्यांतले बाजाराचे दिवस पाहा. रविवारी त्लाकोलूला. बुधवारी एत्ला. गुरुवारी साचिला. शुक्रवारी ओकोत्लान. शनिवारी खुद्द वाहाका शहर. सोमवारी दक्षिणेला दूरवर मियाउआत्लान. एकाचा दिवस दुसऱ्याच्या दिवसावर पडू नये, अशी ही मांडणी. आठवडे बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच समजेल. त्यामुळे फिरता व्यापारी रोज नव्या गावात जाऊ शकतो आणि शेतकऱ्याला आठवड्यातून एक दिवस तरी बाजार हाताशी मिळतो. या भरत्या बाजाराला मेक्सिकोत ‘तियांगिस’ म्हणतात. हा शब्द नाउआत्ल भाषेतला, म्हणजे आझ्टेकांच्या भाषेतला. स्पॅनिश लोक १५२१ साली मेक्सिको जिंकण्याआधीपासूनचा. शब्द टिकला, कारण वस्तू टिकली.

या वेळापत्रकाकडे शास्त्रीय नजरेने पाहणारे पहिले मोठे अभ्यासक म्हणजे ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की. त्रोब्रिअंड बेटांवरच्या अभ्यासामुळे मानववंशशास्त्रात त्यांचं नाव सर्वांना माहीत आहे. आयुष्याच्या शेवटी, १९४० आणि १९४१ मध्ये, त्यांनी मेक्सिकन अभ्यासक हुलिओ दे ला फुएंते यांच्याबरोबर वाहाकाच्या बाजारांत काम केलं. १९४२ मध्ये मालिनोव्स्कींचं निधन झालं. हा अभ्यास स्पॅनिशमध्ये १९५७ साली आणि इंग्रजीत थेट १९८२ साली पुस्तकरूपाने आला. त्यांच्या शीर्षकातच मुख्य मुद्दा आहे. त्यांनी ‘बाजार’ असं न म्हणता ‘बाजारव्यवस्था’ असा शब्द वापरला. त्लाकोलूलाचा बाजार वेगळा, ओकोत्लानचा वेगळा, असं नाही. हे सगळे मिळून एकच बाजार आहे, तो फक्त आठवडाभर जागा बदलत फिरतो.

एका गावाचं एक काम

आता दुसरं चाक. या खोऱ्यांत गावांची कामं वाटलेली आहेत. सान बार्तोलो कोयोतेपेक या गावात काळी मडकी होतात. सांता मारिया आत्सोम्पात हिरव्या चकाकीची भांडी. तेओतित्लान देल वायेत लोकरीचे गालिचे. सांतो तोमास हालिएसात कमरेच्या मागावर विणलेले पट्टे. सान मार्तीन तिल्काहेते आणि आर्रासोला इथे रंगवलेले लाकडी प्राणी. रेयेस एत्ला ताज्या चीजसाठी प्रसिद्ध. काही गावांत दगडाचे पाटे घडवतात. तिथल्या पाट्याला ‘मेतेते’ नव्हे, ‘मेताते’ म्हणतात, तीन पायांवर उभा, थोडा उतरता.

असं का झालं? एक कारण जमिनीत आहे. एका गावाजवळ चांगली माती सापडते, दुसऱ्याजवळ दगडाची खाण, तिसऱ्याकडे पाणी. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. शेत लहान, पाऊस बेभरवशाचा. नुसत्या मक्यावर घर चालत नाही. मग शेतीच्या जोडीला हातात काहीतरी हुन्नर हवा. आणि हुन्नर एकदा गावात रुजला, की तो लेकरांकडे घरातच जातो, वेगळी शाळा लागत नाही.

पण यात एक गोम आहे. गावातली निम्मी माणसं मडकी करत असतील, तर शेजाऱ्याला मडकं विकून उपयोग नाही. मडकं बाहेर न्यायला हवं आणि बाहेरून मका, मिरची, कापड आणायला हवं. म्हणजे एक गाव एक काम ही रचना बाजाराशिवाय उभीच राहू शकत नाही. आणि हे काम वाटून घेणं नसतं, तर दर आठवड्याला दुसऱ्या गावच्या बाजाराला जायची गरजही नसती. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. आपण शोधत होतो त्या उत्तराचा पहिला भाग हा.

हे किती जुनं आहे, याचाही थोडा पुरावा आहे. याच खोऱ्यात, ओकोत्लानच्या दक्षिणेला एहूत्ला नावाचं ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात घराघरांतून समुद्री शंख-शिंपल्यांचे दागिने घडवल्याच्या खुणा सापडल्या. समुद्र तर डोंगरांपलीकडे. म्हणजे कच्चा माल लांबून यायचा, घरात वस्तू घडायची आणि घराबाहेर जायची. स्पॅनिश लोक येण्याच्या कित्येक शतकं आधीची ही गोष्ट.

शहरातल्या तीन जागा

आता शहरात येऊ. मध्यवर्ती चौकाच्या दक्षिणेला, चालत दोन-चार मिनिटांवर, दोन छपराचे बाजार शेजारीशेजारी आहेत. एकाचं नाव बेनितो हुआरेस. हुआरेस हे याच राज्यातल्या गेलाताओ गावात १८०६ साली जन्मलेले सापोतेक आदिवासी समाजातले गृहस्थ, पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. शहराच्या नावातला हुआरेसही तोच. इथे फळं, फुलं, चीज, कातडी पट्टे, टोप्या, चपला, सगळं मिळतं. दुसऱ्या बाजाराचं नाव ‘२० नोव्हेंबर’. १९१०च्या मेक्सिकन क्रांतीची ती तारीख. हा मुख्यतः खाण्याचा बाजार.

त्यातली एक गल्ली धुराची म्हणून ओळखली जाते. दोन्ही बाजूंना मांसवाले, पुढ्यात कोळशाच्या शेगड्या. तुम्ही मांस निवडायचं, ते वजनावर देतात आणि तिथेच भाजतात. पातळ कापलेलं, मीठ लावून थोडं वाळवलेलं गोमांस म्हणजे तासाहो. मिरची लावलेलं डुकराचं मांस म्हणजे सेसिना. पण मक्याची रोटी या दुकानात मिळत नाही. ती दुसरी बाई टोपलीतून आणते. कांदा, मिरची, कोशिंबीर तिसऱ्याकडे. पैसे ज्याचे त्याला वेगळे. पर्यटकाला हे गैरसोयीचं वाटतं. पण नीट पाहिलं तर मघाशी गावांबद्दल बोललो तीच रचना इथे एका जेवणाच्या ताटात आली आहे. एका गिऱ्हाइकावर तीन-चार घरं चालतात.

तिसरी जागा सगळ्यात मोठी, ‘सेंत्राल दे आबास्तोस’, म्हणजे मुख्य पुरवठा बाजार. पूर्वी शनिवारचा बाजार शहराच्या मध्यातल्या रस्त्यांवर भरायचा. १९७०च्या दशकात तो मध्यवस्तीबाहेर या नव्या जागेत हलवला. तिथे घाऊक ट्रकही येतात आणि दोन कोंबड्या, चार जुड्या घेऊन आलेली बाईही जमिनीवर फडकं अंथरून बसते. पर्यटक बहुतेक पहिल्या दोन बाजारांत फिरतात. शहराचं पोट मात्र या तिसऱ्या बाजारावर चालतं.

बोलण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. विकणारी बाई गिऱ्हाइकाला ‘मार्चांता’ म्हणून हाक मारते आणि गिऱ्हाईकही विकणारीला ‘मार्चांता’च म्हणतं. दोघींना एकच शब्द. भाजी बऱ्याचदा वजनाऐवजी ढिगाने विकतात, आपल्याकडचा ‘वाटा’ तसाच. मक्याला पायलीसारखं माप असतं, त्याला ‘आल्मुद’ म्हणतात. आणि सौदा झाल्यावर वर मूठभर टाकायची पद्धत आहे, तिला ‘पिलोन’ म्हणतात. हा पिलोन म्हणजे नुसता मोठेपणा नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही याच बाईकडे यावं, यासाठी तिने दिलेला तो इसार समजा. ज्या बाजारात छापील किंमत नाही, पावती नाही, तिथे ओळख हाच हमीचा कागद असतो.

मका, चुना आणि आपलं स्वयंपाकघर

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर मक्याबद्दल बोललं पाहिजे. त्लाकोलूलाच्या बाजारापासून थोड्याच अंतरावर, मित्लाच्या वाटेवर, गिला नाकीत्स नावाची एक छोटी गुहा आहे. तिथे सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत आणि मक्याची कणसं सुमारे ६,२५० वर्षांपूर्वीची. लागवडीच्या मक्याची सापडलेली ही अगदी जुन्या कणसांपैकी. २०१० साली या परिसरातल्या गुहांनाही युनेस्कोने वारसा यादीत घेतलं. म्हणजे त्या बाजारात आज जे विकायला येतं, त्याच्या शेतीची सुरुवात तिथून दिसावी इतक्या जवळ झाली.

मेक्सिकोत मक्याच्या सुमारे ६० स्थानिक जाती मोजल्या जातात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वाहाका राज्यात आहेत. पांढरा, पिवळा, निळा, लाल. पण हा मका तसाच दळत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन ओलेच वाटतात. याला ‘निश्तामाल’ म्हणतात. चुन्यामुळे तीन गोष्टी होतात. दाण्याचं साल सुटतं. पीठ चिकट होतं, त्यामुळे रोटी फाटत नाही. आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व, जे एरवी शरीराला मिळत नाही, ते मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची ही कृती नेली नाही. पुढे इटली, स्पेनच्या ज्या भागांत गरीब माणूस फक्त मक्यावर जगू लागला, तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला. पीक गेलं, पण पिकाबरोबरचं शहाणपण मागे राहिलं. बाजाराचा विचार करताना हे विसरू नये. बाजारात वस्तू विकत मिळते. ती कशी वापरायची हे मात्र माणसाकडूनच मिळतं.

तेहाते नावाचं एक पेय आहे. मका, कोको, मामेय नावाच्या फळाची बी आणि एक सुगंधी फूल, हे सगळं वाटून, थंड पाण्यात हाताने घोळून करतात. वर पांढरा फेस जमतो. सान आंद्रेस वायापाम गावच्या बायका यासाठी प्रसिद्ध आहेत. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत देतात. फेस नसेल तर ते तेहाते बिघडलं, असं समजतात.

आपला आणि या बाजाराचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर उत्तर मंडईत आहे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, चिकू, सीताफळ, रताळं, हे सगळं अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आपल्याकडे आलं. ‘टोमॅटो’ आणि ‘चॉकलेट’ हे शब्दही नाउआत्लमधूनच निघालेले. आणि दसऱ्याला दारावर ज्याचं तोरण लावतो तो झेंडू! तो मूळचा मेक्सिकोचा. वाहाकाच्या बाजारात ऑक्टोबरच्या शेवटी झेंडूचे भारेच्या भारे येतात, कारण १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, तिच्यावर झेंडू, कोंबड्याची फुलं, पाव, चॉकलेट ठेवतात. तिथे हे फूल पितरांना वाट दाखवतं आणि आपल्याकडे लक्ष्मीचं स्वागत करतं. फूल तेच, काम वेगळं.

जुनं किती, नवं किती

आता हस्तकलेकडे वळू. मघाशी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘या कला हजारो वर्षं जशाच्या तशा चालत आल्या आहेत का?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर आहे, नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, काळं मडकं. कोयोतेपेकचा कुंभार चाक वापरत नाही. दोन बशा घेतो, एक पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि वरची हाताने फिरवत मडकं घडवतो. पूर्वी ही मडकी राखाडी आणि मळकट रंगाची असत, पण पाणी आणि मेस्काल दारू वाहून न्यायला पक्की. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने एक युक्ती रूढ केली. मडकं अर्धवट वाळलेलं असताना गारगोटीने घासून गुळगुळीत करायचं आणि भट्टीची आच कमी ठेवायची. भट्टी बंद, आत हवा कमी, म्हणून माती काळी होते. आच कमी, म्हणून चकाकी टिकते. मडकं आरशासारखं चमकू लागलं. पण कमी आचेमुळे त्यात पाणी राहत नाही, झिरपतं. म्हणजे जगभर जे वाहाकाचं पारंपरिक मडकं म्हणून गेलं, ते मडक्याचं मूळ काम करतच नाही. तोवर प्लॅस्टिकच्या बादल्या आल्याच होत्या. पाण्याच्या मडक्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, शोभेच्या मडक्याला मिळालं. कुंभारांची चूल पेटती राहिली.

दुसरं, रंगीत लाकडी प्राणी, ज्यांना ‘आलेब्रिहेस’ म्हणतात. मूळ आलेब्रिहेस मेक्सिको सिटीतल्या पेद्रो लिनारेस या कारागिराने १९३०च्या दशकात कागदाच्या लगद्यातून केले. वाहाकात आर्रासोला गावच्या मानुएल हिमेनेस यांनी कोपाल नावाच्या मऊ लाकडातून प्राणी कोरायला सुरुवात केली आणि पुढे ते नाव या लाकडी प्राण्यांनाही चिकटलं. म्हणजे ही कला शंभर वर्षांचीसुद्धा नाही.

तिसरं, गालिचे. तेओतित्लानचा पायमाग आणि मेंढीची लोकर दोन्ही स्पॅनिश लोकांनी आणलेले. त्याआधी कमरेच्या मागावर सूत विणत. पण त्या लोकरीला दिलेला लाल रंग मात्र अस्सल तिथला. फड्या निवडुंगावर एक पांढरट कीड वाढते. तिच्या माद्या वाळवून कुटल्या की गडद लाल रंग मिळतो. एक किलो वाळलेल्या मालाला साधारण दीड लाख किडे लागतात. लिंबू पिळलं तर रंग केशरीकडे जातो, खार घातला तर जांभळ्याकडे. हळदीत चुना घातला की तिचं कुंकू होतं, तीच जातकुळी. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल या रंगाचा नंबर होता आणि त्याचं मुख्य केंद्र वाहाका होतं. शहरातल्या दगडी चर्चच्या भिंतींमागे या किड्यांचा पैसा आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि हा व्यापार कोसळला.

या रंगाची एक गोष्ट भारतातही घडली. ईस्ट इंडिया कंपनीला हा रंग आपल्या ताब्यात हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून ही कीड समजून एक कीड बंगालमध्ये आणली गेली. पण ती भलत्याच जातीची निघाली. तिने रंग काही नीट दिला नाही, पण एका प्रकारच्या निवडुंगाचा मात्र फडशा पाडला. कीड नेता आली. ती पाळायची, वेचायची, ओळखायची कशी, हे वाहाकाच्या शेतकऱ्याच्या हातातलं ज्ञान जहाजात भरता आलं नाही. निश्तामालची तीच गोष्ट पुन्हा.

तेव्हा परंपरा म्हणजे गोठलेली वस्तू नव्हे. या गावांनी दरवेळी नवीन गिऱ्हाईक, नवीन माल, नवीन हत्यार घेऊन आपलं काम बदललं. ज्याने बदल सोसला तेच टिकलं.

किंमत कोण ठरवतं

आता अवघड भागाकडे. हे यंत्र कुठे अडकतं?

पहिली अडचण मधल्या माणसाची. बाजाराच्या तोंडाशी काही व्यापारी पहाटेच उभे असतात आणि गावाहून आलेला माल आत जाण्याआधीच उचलतात. बाईला दिवसभर बसायचं नसतं, परतीची गाडी गाठायची असते. ती कमी भावात देऊन टाकते. यात सगळं वाईटच असतं असं नाही. लांबच्या गावाचा माल शहराच्या गिऱ्हाइकापर्यंत हाच माणूस नेतो. पण फरक बहुतेक त्याच्या खिशात राहतो.

दुसरी अडचण मजुरीची. पाटे घडवणाऱ्या सापोतेक कारागिरांचा स्कॉट कूक या अमेरिकी अभ्यासकाने बारकाईने अभ्यास केला. अशा घरगुती धंद्यात श्रम घरच्यांचे असतात. नवरा घडवतो, बायको घासते, पोरं माल उचलतात. कोणाच्याच तासांचा हिशेब मांडला जात नाही. म्हणून वस्तू स्वस्त वाटते. आपण घासाघीस करून किंमत खाली आणतो तेव्हा मातीची किंमत कमी होत नाही, लाकडाचीही नाही. कमी होते ती त्या घरातल्या कोणाच्या तरी तासांची किंमत.

तिसरी अडचण आरोग्याची. आत्सोम्पाची हिरवी चकाकी येते ती शिशाच्या लेपातून. शिसं कमी आचेवर वितळतं, म्हणून लाकडाच्या साध्या भट्टीला ते सोयीचं. पण अशा भांड्यात लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर असं आंबट काही शिजवलं किंवा साठवलं, तर शिसं अन्नात उतरतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका मोठा. शिवाय लेप देणारी कुंभारीण रोज तेच हाताळते. शिसं नसलेले लेप तयार झाले आहेत, पण त्यांना भट्टीची आच वेगळी लागते, सवयी बदलाव्या लागतात आणि गिऱ्हाइकाला तोच हिरवा रंग हवा असतो. म्हणजे काही पिढ्यांची रोजीरोटी एका बाजूला आणि पुढच्या पिढीची तब्येत दुसऱ्या बाजूला. यावर बाहेरून उपदेश करणं सोपं आहे. शिसं नसलेल्या भांड्याला चार पैसे जास्त देणारं गिऱ्हाईक मिळणं, हा खरा उपाय. तिथे जाणाऱ्यांनी हा प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारावा.

चौथी अडचण आपल्या ओळखीची आहे. वाहाकाच्या बाजारांत कातडी पट्ट्यांच्या विणलेल्या चपला मिळतात, त्यांना ‘वाराचे’ म्हणतात. डोंगरातलं विया इदाल्गो यालालाग हे गाव त्यांसाठी प्रसिद्ध. २०२५च्या ऑगस्टमध्ये आदिदास कंपनी आणि डिझायनर विली चावारिया यांनी याच घडणीचा एक जोड ‘वाहाका’ नावाने पुढे आणला. गावाला विचारलं नव्हतं. टीका झाली. डिझायनरने माफी मागितली आणि कंपनीच्या प्रतिनिधींनी त्या गावात जाऊन जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली होती, तेव्हाही कोल्हापूरचं नाव नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मेक्सिकोने जानेवारी २०२२ मध्ये आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात मालकी एका माणसाची नसून समाजाची मानली आहे. कल्पना चांगली आहे, पण गावाच्या वतीने सही कोणी करायची, पैसे कसे वाटायचे, हे प्रश्न दोन्हीकडे उरतातच. कायद्याने चोरी थोडी अवघड होते. कारागिराच्या पोरीने हे काम पुढे करावं की नाही, हे शेवटी तिला त्यातून काय मिळतं यावर ठरतं.

देवघेवीची वही

मग इतक्या अडचणींतून बाजार टिकला कसा? एक उत्तर आपण पाहिलं, गावं एकमेकांवर अवलंबून आहेत. दुसरं उत्तर पैशाच्या बाहेरचं आहे. सापोतेक समाजात ‘गेलागेत्सा’ नावाची देवघेव आहे. कोणाच्या घरी लग्न निघालं की शेजारी टर्की, मका, कोको, मेस्काल आणून देतात आणि काय, किती दिलं ते वहीत लिहिलं जातं. त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत जातं. आपल्याकडच्या आहेराच्या वहीचीच ही बहीण. लग्नात नवरीला पाटा देण्याची रीतही तिथे आहे. निश्तामाल आता बहुतेक घरांत विजेच्या चक्कीवर दळतात, त्यामुळे बायकांचे पाट्यावरचे रोजचे कित्येक तास वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. तरीही पाटा विकला जातो, कारण तो आता कामाबरोबर मानाचाही आहे. म्हणजे बाजारातल्या मागणीचा मोठा वाटा पर्यटकांकडून नव्हे, तर घरच्या कार्यांकडून येतो. हा आधार गेला तर बाजार शोभेचा होईल.

एक शेवटचं उदाहरण. दरवर्षी २३ डिसेंबरला शहराच्या मध्यवर्ती चौकात मुळ्यांची रात्र साजरी होते. मोठाल्या मुळ्यांतून कोरलेली माणसं, चर्च, प्राणी मांडतात. ही स्पर्धा १८९७ पासून आहे. तिचं मूळ साधं. नाताळच्या बाजारात माळी आपल्या भाजीकडे गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून मुळे कोरून ठेवत. विकण्याची युक्ती होती, तिची कला झाली. मुळा दुसऱ्या दिवशी सुकतो. पण पुढच्या वर्षी पुन्हा कोरायला माणसं असतात, कारण मुळे पिकवणारी शेतं आणि ते विकत घेणारं शहर दोन्ही जागेवर आहेत.

तेव्हा कुठल्याही बाजारात, वाहाकाच्या किंवा आपल्या गावच्या, गेल्यावर तीन प्रश्न विचारून पाहावेत. हे कुठल्या गावाहून आलं? हे कोणाच्या हातचं आहे? आणि इथलीच माणसं हे अजून विकत घेतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या बाजाराची काळजी फारशी करायला नको. ‘नाही’ असेल, तर आपण जे पाहतो आहोत ते प्रदर्शन आहे आणि ते चालू ठेवायचं तर त्या कारागिराच्या तासांचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतील.

इथे थांबतो.